टोमॅटो, तारे आणि दादाचा अर्धा स्टार: रेटिंग साइट्स वर्षभर वापरून बघितल्या

सिनेमा कुठला लावायचा हे ठरवण्यात आमचा जेवढा वेळ जायचा तेवढ्यात अर्धा सिनेमा बघून झाला असता. आम्ही म्हणजे मी, माझा मावसभाऊ (दादा), वहिनी आणि एक मैत्रीण, जी एडिटिंग करते आणि त्यामुळे कुठल्याही सिनेमाच्या मध्येच 'हा कट दोन सेकंद आधी हवा होता' असं पुटपुटत बसते. दादा म्हणायचा ९४ टक्के आहे रे, डोळे मिटून लाव. मैत्रीण म्हणायची टक्क्यांवर काय जातोस, कोणी लिहिलंय ते बघ. वहिनी म्हणायची भुताचा असेल तर लावा नाहीतर मी झोपते. मग शेवटी वैतागून ठरवलं की वर्षभर दर शनिवारी सिनेमा लावायच्या आधी सगळीकडचे आकडे वहीत लिहायचे, सिनेमा झाला की आपापले मार्क लिहायचे, आणि बघायचं कोण खरं बोलतंय. तर हा त्याचा रिव्ह्यू. सिनेमांचा नाही, सिनेमांना मार्क देणाऱ्यांचा.

सुरुवात रॉटन टोमॅटोजपासून, कारण भांडणं तिथूनच सुरू होतात. १९९८ साली बर्कलीच्या पोरांनी काढलेली साइट, त्यातला एकजण जॅकी चॅनचा पंखा होता आणि त्याच्या सिनेमांचे रिव्ह्यू एका जागी गोळा करता करता ही कल्पना आली. आता गंमत अशी आहे की इतकी वर्षं वापरूनही निम्म्या लोकांना तो टक्का म्हणजे काय ते माहीतच नाही, मलाही नव्हतं, दादाला तर सांगूनही पटेना. ९४ टक्के म्हणजे सिनेमाला १०० पैकी ९४ मार्क नव्हेत. शाळेचा निकाल ९४ टक्के लागला म्हणजे काय, शंभरातली चौऱ्याण्णव पोरं पास झाली, बस. त्यातली किती काठावर पास झाली आणि किती बोर्डात आली हे त्या आकड्यात नसतं. इथेही तसंच, किती क्रिटिक्सनी 'बघण्यासारखा आहे' म्हटलं तेवढंच मोजतात, साठ टक्के किंवा वर गेलं की ताजा लालबुंद टोमॅटो, खाली गेलं की हिरवा चिखल.

म्हणजे बघा, शंभर क्रिटिक्सनी 'ठीक आहे बुवा, वेळ जातो' म्हणून दहापैकी सहा दिले तर सिनेमा १०० टक्के. आणि पंचावन्न जणांनी 'आयुष्यात असं काही बघितलं नव्हतं' म्हणून दहापैकी दहा दिले आणि पंचेचाळीस जणांनी शिव्या घातल्या तर तो ५५ टक्के, सडका! हे गणित कळल्यावर आमच्या वहीतल्या अर्ध्या नोंदींचा उलगडा झाला. नव्वदच्या वरचे कितीतरी सिनेमे आम्ही चौघांनी बघितले आणि दुसऱ्या दिवशी कोणाला एक सीन आठवेना. कोणालाच न दुखवणारा सिनेमा तिथे आरामात वर जातो. लग्नातल्या फोटोसारखा, सगळे हसतायत आणि कोणीच नीट दिसत नाही.

अजून एक किस्सा, मला फार आवडतो. सिटीझन केन, १९४१ चा, ज्याला क्रिटिक लोक देवासारखे मानतात, तो तिथे १०० टक्क्यांवर होता. २०२१ मध्ये कोणीतरी शिकागो ट्रिब्यूनचा ऐंशी वर्षांपूर्वीचा एक जुना रिव्ह्यू शोधून साइटवर घातला, त्यात सिनेमा आवडलेला नव्हता, आणि केन धाडकन ९९ वर. तो रिव्ह्यू लिहिणारीचं नाव मे टिनी, म्हणजे मॅटिनीवरचा फालतू पीजे, पेपरातले वेगवेगळे लोक त्या टोपणनावाने लिहायचे. म्हणजे जो माणूसच नव्हता त्याने केनचा एक टक्का खाल्ला. मग काही दिवस लोक ओरडत होते की आता पॅडिंग्टन २, म्हणजे एका अस्वलाचा सिनेमा, हा सिटीझन केनपेक्षा भारी आहे, कारण तो १०० वर होता. मग एकाने पॅडिंग्टनच्या विरोधात लिहिलं आणि तोही ९९ वर आला. अस्वलाला सुद्धा सोडलं नाही. दादा ह्यावर इतका हसला की त्याने स्वतःच त्या शनिवारी टक्का विचारला नाही.

साइट वापरायला मात्र सोपी आहे आणि टक्क्यावर क्लिक केलं की सरासरी मार्क पण दिसतात, तेच बघावेत. सगळ्यात कामाचं म्हणजे रिव्ह्यूंच्या लिंका एका जागी मिळतात. फक्त एवढं लक्षात ठेवायचं की ही साइट २०१६ पासून फॅन्डँगो नावाच्या कंपनीकडे आहे आणि फॅन्डँगो सिनेमाची तिकिटं विकते. मी काही आरोप करत नाहीये बरंका, पण ताटात वाढणारा आणि चव सांगणारा एकच असला की मी तरी आधी वास घेऊन बघतो.

मेटाक्रिटिक पटकन उरकतो. तिथे खरोखर शंभरपैकी सरासरी काढतात, ६१ किंवा वर हिरवं, ४० च्या खाली लाल, मधलं पिवळं. काही क्रिटिक्सच्या मताला जास्त वजन देतात पण कोणाला किती ते सांगत नाहीत. आकडा जास्त प्रामाणिक वाटला, टोमॅटोवर ९३ असलेला इथे ६७ दिसला की समजायचं हा काठावर पास झालेल्यांचा वर्ग आहे. आमच्या वहीतल्या मार्कांशी सगळ्यात जवळ हीच गेली. वापरायला कंटाळवाणी आहे पण. दादाने तर कधी उघडलीच नाही.

आयएमडीबी म्हणजे जत्रा. १९९० मध्ये कॉल नीडहॅम नावाच्या सिनेमावेड्या माणसाने नटनट्यांच्या याद्या गोळा केल्या त्यातून हे सुरू झालं, १९९८ ला ॲमेझॉनने घेतलं. हा नट अजून कुठल्या सिनेमात होता, हे शोधायला ह्याच्यासारखं दुसरं काही नाही, सिनेमा चालू असताना वहिनी फोनवर तेच करत असते आणि मग मोठ्याने सांगते की हा तर अमुक सिनेमात मेला होता. पण रेटिंग म्हणाल तर तिथे क्रिटिकची चव नाही, गर्दीचा मूड कळतो. पहिल्या नंबरवर २००८ पासून शॉशँक रिडेम्प्शन बसलाय, जो १९९४ मध्ये आला तेव्हा थिएटरात फारसा चालला नव्हता. सिनेमा वाईट नाहीये, छानच आहे, पण 'जगातला सगळ्यात भारी सिनेमा' म्हटल्यावर आमच्यापैकी एकानेही त्याचं नाव घेतलं नाही. मैत्रीण म्हणाली, तो कोणाचाच पहिला नाही आणि कोणालाच नावडता नाही, म्हणून तो पहिला. मला वाटतं ह्यात तिने गर्दीच्या मतांबद्दल जे सांगायचं ते सगळं सांगितलं.

आता वहिनीचा विषय. वहिनीला भयपट आवडतात आणि तिचं म्हणणं असं की क्रिटिक लोक भयपटांना एकतर खालच्या जातीचे समजतात नाहीतर 'हा भयपट नाही, हा दुःखाबद्दलचा चिंतनशील सिनेमा आहे' असं काहीतरी बोलून पवित्र करून घेतात. हेरेडिटरी लावला त्या रात्री हेच झालं. २०१८ चा, क्रिटिक्स नव्वदच्या आसपास, आणि सिनेमास्कोअर किती? डी प्लस. सिनेमास्कोअर म्हणजे १९७९ पासून चालत आलेली पद्धत, अमेरिका आणि कॅनडात सिनेमा लागला की पहिल्याच रात्री थिएटरमधून बाहेर पडणाऱ्या लोकांकडून कार्ड भरून घेतात, ए प्लसपासून एफपर्यंत ग्रेड. दादा लगेच, बघा, पैसे देऊन जाणारी माणसं आणि फुकट बघणारे क्रिटिक, फरक कळला का.

पण वहिनीने त्याला असं धुतलं की विचारू नका. म्हणाली, अरे पहिल्या रात्री कोण जातं, जो ट्रेलर बघून उतावळा झालाय तो. त्याला ट्रेलरमध्ये दचकवणारा भुताचा सिनेमा विकला आणि आत गेल्यावर दोन तास एका घराची वाताहत दाखवली, तो चिडणारच ना. त्याने सिनेमाला मार्क दिलेच नाहीत, त्याने जाहिरातीला मार्क दिले. हे मी त्याच रात्री वहीत लिहून ठेवलं. डॅरेन अरोनॉफ्स्कीच्या मदर! ला २०१७ मध्ये सरळ एफ मिळाला होता, आणि क्रिटिक्सच्या टोमॅटोवर तो ताजा. एफ मिळवणारे सिनेमे मोजकेच आहेत आणि त्यातले निदान दोन-तीन तरी ए मिळवणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा चर्चेत येतात. मला स्वतःला मदर! अजिबात झेपला नाही, पण ते वेगळं.

क्रिटिक लोकांच्या चवीवरून खरं महाभारत झालं ते साइट अँड साउंडच्या यादीवरून. ही ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या मासिकाची सगळ्यात भारी सिनेमांची यादी, १९५२ पासून दर दहा वर्षांनी. १९६२ पासून २००२ पर्यंत पाचही वेळा केन पहिला, २०१२ ला हिचकॉकचा व्हर्टिगो, आणि २०२२ ला शांताल अकरमनचा जान दीलमान. १९७५ चा, तीन तास एकवीस मिनिटांचा, एक विधवा बाई घरात काम करते, तीन दिवस. दादा म्हणाला ही मुद्दाम केलेली मस्ती आहे, २०१२ ला पहिल्या दहात नव्हता आणि आता एकदम पहिला, क्रिटिक लोकांनी ठरवून केलंय.

मी शोधून बघितलं तर गोष्ट जास्त मजेशीर निघाली. २०२२ ला १,६३९ जणांनी मत दिलं, त्याआधी २०१२ ला ८४६ जणांनी, म्हणजे जवळजवळ दुप्पट माणसं, आणि अर्थातच वेगळी माणसं. शिवाय प्रत्येकाने दहा सिनेमे द्यायचे, क्रम नाही, दहाही सिनेमांना सारखंच एक मत. म्हणजे 'पहिला' आलेला सिनेमा एकाच्याही मते पहिला नसू शकतो! तो फक्त सगळ्यात जास्त लोकांच्या दहात होता. त्याच वर्षी दिग्दर्शकांनी वेगळं मतदान केलं तर त्यांचा पहिला आला २००१: अ स्पेस ओडिसी, जो पॉलिन केलला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात दबदबा असलेल्या क्रिटिकांपैकी एकीला, अजिबात आवडला नव्हता. बरं आपला पथेर पांचाली क्रिटिक्सच्या यादीत २०१२ पेक्षा २०२२ मध्ये वर गेला, ह्यावर मात्र दादाला काही मस्ती दिसली नाही.

केलवरून आठवलं. ती म्हणे एक सिनेमा एकदाच बघायची, दुसऱ्यांदा नाहीच. ह्यावर आमचे दोन तट पडले. मैत्रीण म्हणाली बरोबर आहे, पहिल्यांदा जे अंगावर येतं तेच खरं, नंतर तुम्ही आठवणींचा रिव्ह्यू लिहिता. मी दुसऱ्या बाजूला होतो, माझ्याकडे न्यूजवीकच्या जो मॉर्गनस्टर्नचं उदाहरण होतं. १९६७ ला बॉनी अँड क्लाइड आला तेव्हा ह्या माणसाने त्याची चिरफाड केली. मग परत जाऊन साध्या प्रेक्षकांच्या गर्दीत बसून तोच सिनेमा बघितला आणि पुढच्या आठवड्यात त्याच मासिकात लिहिलं की माझं चुकलं. विचार करा, छापील मासिक, आठवड्यापूर्वीचा अंक अजून लोकांच्या टेबलावर पडलाय आणि तुम्ही म्हणताय मी चुकलो. त्याच सिनेमाला न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्राउदरनेही झोडपलं होतं, पण तो शेवटपर्यंत हटला नाही, आणि थोड्याच काळात त्या खुर्चीत दुसरं कोणीतरी बसलं. दादाला क्राउदर आवडला. म्हणाला निदान माणूस शब्दाचा पक्का. मैत्रीण म्हणाली पक्का आणि चूक. दादा म्हणाला चूक कशावरून. पुढचा अर्धा तास कोणीही सिनेमा लावला नाही.

आणि इथे मला कळलं की वर्षभराच्या आकड्यांपेक्षा मला ह्या तिघांची मतं जास्त कामाला येतायत. दादा 'स्लो आहे' म्हणाला की मला आवडणार, दहातून आठ वेळा. मैत्रीण 'टेक्निकली भारी' म्हणाली की झोप येणार. वहिनी गप्प राहिली तर सिनेमा नक्की बघायचा. दादाची आणि माझी चव उलटी आहे पण ती रोज एकाच दिशेने उलटी आहे, त्यामुळे तो मला कुठल्याही टक्क्यापेक्षा जास्त अचूक सांगतो, स्वतःला न कळता. क्रिटिकचंही तेच. रॉजर ईबर्टचे जुने रिव्ह्यू मी अजून वाचतो, १९७५ ला पुलित्झर मिळालेला पहिला सिनेमा क्रिटिक, आणि ह्याच माणसाने ब्लू व्हेल्वेटला एकच स्टार दिलाय, जो मला प्रचंड आवडतो. पण त्याला काय खटकलं हे त्याने इतकं स्वच्छ लिहिलंय, की त्या नटीला पडद्यावर जे सोसायला लावलं त्या मानाने सिनेमा तिला काही परत देत नाही, की ते वाचून मी परत सिनेमा बघितला आणि पहिल्यांदाच अस्वस्थ झालो. एक स्टार आठवत नाही, ते कारण आठवतं. सगळ्यांची मिसळ करून काढलेल्या सरासरीत हे कारणच गळून पडतं.

म्हणून शेवटी मी टिकलो लेटरबॉक्स्डवर. न्यूझीलंडची मंडळी, २०११ पासून. अर्धा ते पाच स्टार, शून्य देता येत नाही (दादाची पहिली तक्रार), सिनेमा कधी बघितला त्याची डायरी, आणि प्रोफाइलवर चार आवडते सिनेमे लावायचे. हे चार सिनेमे म्हणजे लोकांनी आपली अब्रूच टांगलेली असते. एक हमखास काळापांढरा, एक जपानी, एक ॲनिमेशन, आणि एक 'मी पण माणूसच आहे' म्हणून मसाला. मी पण तेच केलंय, हसू नका. लाइक्स मिळवणारे रिव्ह्यू बहुतेक एका ओळीचे विनोद असतात, पाच-सहा वाचले की सगळे सारखे वाटायला लागतात, त्यामुळे पॉप्युलर टॅब मी उघडतच नाही, ज्यांना फॉलो करतो तेवढेच वाचतो.

पण तिथली खरी सोन्यासारखी गोष्ट म्हणजे रेटिंगच्या शेजारचा तो छोटासा खांबांचा आलेख. अर्धा स्टार किती जणांनी दिला, एक किती, असं पाचपर्यंत. सरासरी ३.१ असेल तरी आकार बघायचा. मधेच एक टेकडी असेल तर सिनेमा खरंच ३.१ चा आहे, टाइमपास, सोडला तरी चालेल. पण दोन्ही टोकांना खांब वर आणि मधे दरी असेल तर घ्या पाणी पिऊन आणि लावाच, ह्यावर रात्री भांडण होणार. आम्ही शेवटचे तीन महिने सिनेमे फक्त ह्या आकारावरून निवडले आणि एकही शनिवार फुकट गेला नाही. नावडते सिनेमे झाले, भरपूर झाले, पण फुकट नाही.

एक सावधगिरीची सूचना, वरच्यांपैकी कोणाबद्दल नाही. ह्या आधी मी एक दुसरं ॲप वापरायचो, नाव जाऊदे, त्याच्या एका अपडेटनंतर माझी दोन वर्षांची बघितलेल्या सिनेमांची यादी गेली. मेल केला तर 'तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं, यादी आली नाही. तेव्हा जे काही वापराल त्यातून यादी बाहेर काढून ठेवता येते का ते आधी बघा, आणि नसेल तर वही आहेच. आमची वही अजून आहे, तिच्यावर चहाचा डाग आहे आणि तो हेरेडिटरीच्या वेळचा आहे.

आता दादा आणि जान दीलमान. वहिनी माहेरी गेलेली, आम्ही तिघांनी लावला. पहिला तास दादा दर दहा मिनिटांनी वेळ बघत होता. बाई भांडी घासते, पलंग आवरते, बटाटे सोलते, कॅमेरा जागचा हलत नाही, उंचीलाही जरा खालीच, जणू कोणीतरी स्टुलावर बसून बघतंय. पैसे ठेवायचं एक सूपचं भांडं आहे, त्यात पैसे टाकले की झाकण लावते, दिवे खोलीतून निघताना बंद करते, सगळं घड्याळासारखं. मग दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात. बस, एवढंच होतं. ती ते पातेलं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं, काय करावं कळत नाही तिला. झाकण लावायचं राहतं. मैत्रीण पुटपुटायची थांबली होती, पूर्ण सिनेमात ती एकदाही कटबद्दल बोलली नाही. मी दादाकडे बघितलं तर तो फोन खाली ठेवून पुढे वाकून बसला होता.

सिनेमा संपल्यावर त्याने तिथल्या तिथे अर्धा स्टार दिला. खाली लिहिलं, 'साडेतीन तास बटाटे.' एकवीस लाइक्स आले त्याला, माझ्या सहा परिच्छेदांना दोन, त्यातला एक मैत्रिणीचा.

नंतर मंगळवारी रात्री बाराच्या सुमारास त्याचा मेसेज, 'ते झाकण तिने कधी लावायचं विसरलं, पातेल्याच्या आधी की नंतर?' मी म्हटलं आधी, बहुतेक. म्हणाला नक्की? म्हटलं नक्की नाही. मग काही बोलला नाही. गुरुवारी त्याच्या डायरीत जान दीलमान परत दिसला, शेजारी दुसऱ्यांदा बघितल्याची ती गोल बाणाची खूण. स्टार अर्धाच.